एका आवेगात किती सोडियम आत शिरतं? कागद-पेन्सिल घेऊन मोजू या

अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवताना दर वर्षी एक उत्तर हमखास हाती येतं: ‘चेता आवेग येतो तेव्हा सोडियम आत शिरतं, त्यामुळे आतलं सोडियम बाहेरच्यापेक्षा जास्त होतं. मग सोडियम-पोटॅशियम पंप ते बाहेर फेकतो आणि पेशी पूर्ववत होते.’ (चेता आवेग म्हणजे चेतापेशीतून धावणारा विद्युत संदेश.) वाक्य सुबक आहे, त्याला गुणही मिळतात. पण ‘सोडियम आत शिरतं’ एवढे शब्द सोडले तर बाकी बहुतेक चूक. एका क्लासच्या छापील नोट्समध्ये तर आवेगाच्या शिखरावर ‘आत १४५, बाहेर १२’ असे आकडेच उलटे करून छापलेले मी पाहिले आहेत. ज्याने ते छापले त्याने एकदा तरी हिशेब मांडून पाहिला असता, तर हात थांबला असता.

हिशेब अवघड नाही. गुणाकार, भागाकार आणि एका ठिकाणी लॉग, एवढंच लागतं. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. खाली मी तो ज्या क्रमाने वर्गात करून घेतो, त्याच क्रमाने देतो. वाचता वाचता स्वतः आकडे मांडा. नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

पायरी १: आत किती, बाहेर किती

सस्तन प्राण्याच्या चेतापेशीसाठी हे ढोबळ आकडे लिहून घ्या. सोडियम बाहेर १४५ मिलिमोलर (म्हणजे लिटरमागे मोलचे १४५ हजारांश), आत १२. पोटॅशियम बाहेर ३, आत १४०. मोकळं कॅल्शियम बाहेर १.२ मिलिमोलर, आत ०.०००१. शेवटच्या आकड्यात दशांशचिन्हानंतर तीन शून्यं आहेत, छापण्यातली चूक नव्हे. लेखाच्या शेवटी तो कामाला येणार आहे.

घरात कोणाचा तरी ‘सिरम इलेक्ट्रोलाइट्स’चा रिपोर्ट पडलेला असतोच. त्यात सोडियम १३५ ते १४५ च्या दरम्यान दिसेल. बाहेरचं सोडियम म्हणजे साधारण तेच. पोटॅशियम मात्र रक्तात ३.५ ते ५ असतं आणि मेंदूतल्या पेशींभोवतीच्या द्रवात जरा कमी, ३ च्या आसपास. मेंदू ते मुद्दाम खाली ठेवतो. का, ते पाचव्या पायरीत कळेल.

दुसरा संच हवा तो माकुलाचा. होय, मालवण-रत्नागिरीच्या बाजारात मिळतं तेच माकूल, त्याचे युरोपातले भाऊबंद. आपण ज्याच्या चकत्या करून तळतो, त्या नळीसारख्या आवरणाच्या आतल्या बाजूने याच्या जाड चेता पसरलेल्या असतात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या अक्षतंतूचा (चेतापेशीच्या आवेग वाहून नेणाऱ्या लांब धाग्याचा) व्यास अर्धा मिलिमीटर, कधी कधी त्याहून जास्त. आपल्या मेंदूतल्या बारीक तंतूंच्या हजारो पट. म्हणूनच १९३९ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ इथे हॉजकिन आणि हक्सली यांना त्यात उभा इलेक्ट्रोड घालता आला आणि आवेग चालू असताना पेशीच्या आतला विभव, म्हणजे बाहेरच्या तुलनेतलं व्होल्टेज, प्रत्यक्ष मोजता आला. तो शून्यावर थांबत नाही, शून्य ओलांडून धन होतो, हे तेव्हा दिसलं. १९४९ मध्ये हॉजकिन आणि कॅट्झ यांनी बाहेरच्या पाण्यातलं सोडियम कमी केलं, तशी त्या शिखराची उंचीही उतरली. माकुलासाठी आकडे असे: सोडियम बाहेर ४४०, आत ५०, पोटॅशियम आत ४००, बाहेर १० ते २०. समुद्रातला जीव, त्यामुळे सगळंच खारट.

पायरी २: विभव बदलायला किती आयन लागतात

इथे मुलं अडखळतात. विश्रांतीत आतला विभव उणे ६०-७० मिलिव्होल्ट, शिखरावर अधिक ३०-४०. म्हणजे साधारण १०० मिलिव्होल्टचा फरक. ‘एवढा मोठा बदल म्हणजे आयनही ढीगभर लागत असणार,’ असं वाटतं.

पण पेशीपटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाड आहे. इतक्या पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंना थोडासा प्रभार जमला की विभव झटकन चढतो. ०.१ व्होल्ट भागिले ५ नॅनोमीटर करा: दर मीटरला २ कोटी व्होल्ट येतात. पडदा पातळ आहे, सोडियम पुष्कळ असण्याची गरज नाही.

आता आकडा. पटलाची धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता) दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ मायक्रोफॅरड असते, मग पेशी माकुलाची असो की माणसाची. धारिता गुणिले विभव म्हणजे प्रभार: १ मायक्रोफॅरड × ०.१ व्होल्ट = ०.१ मायक्रोकूलोम. एकाच धन प्रभाराच्या एक मोल आयनांचा प्रभार ९६,४८५ कूलोम. भागाकार केला की उत्तर येतं दर चौरस सेंटिमीटरला जवळपास १ पिकोमोल, म्हणजे मोलचा लाख कोटीवा भाग.

पिकोमोल कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून ते आयनांच्या संख्येत आणि मायक्रोमीटरमध्ये आणतो. दर चौरस मायक्रोमीटरला सुमारे ६,००० आयन (काटेकोर हवं तर ६,२००). हा पहिला पाठ करण्याचा आकडा.

दुसरा आकडा संहतीचा. १ मिलिमोलर द्रावणाच्या एका घन मायक्रोमीटरमध्ये किती आयन? अ‍ॅव्होगाड्रो अंक घेऊन करून पाहा: सुमारे ६ लाख.

पटलावर ६ हजार, पोटात ६ लाख. पुढचं सगळं या दोन आकड्यांवर चालतं आणि त्यांच्यात बरोबर शंभराचं प्रमाण आहे, हा आपला नशिबाचा भाग.

पायरी ३: पटल भागिले पोट

संहती किती बदलेल, हे आता फक्त एका गोष्टीवर अवलंबून आहे: पेशीला पटल किती आणि त्यामानाने पोट किती. लांब नळीसाठी हे प्रमाण ‘४ भागिले व्यास’ येतं, गोळ्यासाठी ‘६ भागिले व्यास’. त्याला शंभराने भागा. सूत्र तयार:

नळी: संहतीतला बदल (मिलिमोलर) = ०.०४ ÷ व्यास (मायक्रोमीटर)
गोळा: संहतीतला बदल (मिलिमोलर) = ०.०६ ÷ व्यास (मायक्रोमीटर)

माझ्या वहीत हे सूत्र पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. पुस्तकांत ते असं सोडवून दिलेलं क्वचितच दिसतं, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

यात एक दुरुस्ती हवी. वरचा हिशेब असं धरतो की आधी सोडियम आत आलं, त्याचे दरवाजे (पटलातल्या प्रथिनांनी बनलेल्या आयनांच्या वाटा) बंद झाले आणि मगच पोटॅशियम बाहेर जाऊ लागलं. प्रत्यक्षात दोन्हींचे दरवाजे काही काळ एकदमच उघडे असतात. एकीकडून सोडियम येतंय, दुसरीकडून पोटॅशियम जातंय, म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरल्यासारखं. तेवढाच विभव गाठायला जास्त सोडियम खर्ची पडतं. माकुलाच्या तंतूत ही उधळपट्टी सुमारे चौपट आहे. केंब्रिजच्या रिचर्ड कीन्स यांनी १९५१ च्या सुमारास किरणोत्सारी सोडियम आणि पोटॅशियम वापरून माकुलाच्या नात्यातल्याच कटलफिशच्या तंतूंवर मोजमाप केलं. तिथे एका आवेगात दर चौरस सेंटिमीटरला ३ ते ४ पिकोमोल सोडियमची निव्वळ भर दिसली आणि जवळपास तेवढंच पोटॅशियम बाहेर गेलं. आपला कागदावरचा १ आणि त्यांचे मोजलेले ३-४. हिशेब योग्य मार्गावर आहे.

सस्तन प्राण्यांचे तंतू जास्त काटकसरी निघाले. २००९ साली उंदरांच्या मेंदूतल्या बारीक तंतूंवर मोजमाप झालं, तेव्हा हा गुणक फक्त १.३ च्या आसपास आला. म्हणून माकुलासाठी ४ ने गुणा, आपल्यासाठी १.३ ने.

पायरी ४: उत्तर काढा

माकूल, व्यास ५०० मायक्रोमीटर. ०.०४ ÷ ५०० × ४ = ०.०००३२ मिलिमोलर. आत सोडियम होतं ५०. आवेगानंतर झालं ५०.०००३२. दीड लाखात एक भाग वाढ. पोटॅशियम ४०० मधून तेवढंच गेलं, म्हणजे साडेबारा लाखांत एक भाग. ‘आतलं सोडियम बाहेरच्यापेक्षा जास्त होतं’ हे वाक्य इथेच संपलं.

पंप पूर्ण बंद पाडला असं धरा. आतलं सोडियम ५० वरून १०० व्हायला किती आवेग लागतील? ५० ÷ ०.०००३२, म्हणजे दीड लाखाहून जास्त. सेकंदाला १०० आवेग सोडले तरी सुमारे २६ मिनिटं. हा नुसता कागदी खेळ नाही. हॉजकिन आणि कीन्स यांनी १९५५ मध्ये सायनाइडसारखी विषं देऊन तंतूचा ऊर्जापुरवठा तोडला. सोडियम बाहेर फेकणं मंदावलं, पण आवेग चालूच राहिले. पुढे १९६०-६१ च्या सुमारास बेकर, हॉजकिन आणि शॉ यांनी तर कमाल केली: टूथपेस्टची ट्यूब पिळावी तसा तंतूवरून छोटा रूळ फिरवून आतला गर बाहेर काढला, रिकाम्या नळीत पोटॅशियमचं साधं द्रावण भरलं आणि तरीही ती नळी आवेग वाहून नेत होती. आवेगासाठी लागतं पटल आणि दोन बाजूंच्या संहतींतला फरक. पंप तो फरक उभा करतो, टिकवतो; आवेग चालू असताना त्याची गरज नसते.

आता मेंदूतला बारीक तंतू घ्या, व्यास ०.२ मायक्रोमीटर. ०.०४ ÷ ०.२ × १.३ = ०.२६ मिलिमोलर. आत सोडियम १२. एका आवेगात २ टक्क्यांहून जास्त वाढ! पंप बंद असेल तर ४६ आवेगांत सोडियम दुप्पट, म्हणजे सेकंदाला १०० च्या वेगाने अर्ध्या सेकंदाच्या आत. तिकडे २६ मिनिटं, इकडे अर्धा सेकंद. सूत्र तेच, पटल तेच, फक्त व्यास बदलला.

म्हणून ‘आवेगात संहती बदलत नाही’ हे दुसऱ्या टोकाचं वाक्यही डोळे मिटून लिहू नका. जाड तंतूत ते खरं, २० मायक्रोमीटरच्या पेशीकायातही जवळपास खरं (गोळ्याचं सूत्र लावून पाहा, वाढ ०.००४ मिलिमोलरच्या आसपास येते). बारीक तंतूत, लागोपाठ आवेग चालू असताना, ते खोटं ठरतं.

पायरी ५: बाहेरची फट विसरू नका

हा भाग मला सगळ्यांत रंजक वाटतो आणि शाळेत तो जवळजवळ शिकवलाच जात नाही. आकृतीत पेशीच्या बाहेर सगळं कागदाचं पांढरं मैदान असतं. प्रत्यक्षात पेशींच्या मधल्या फटी काही दशक नॅनोमीटर रुंद असतात. चाळीतल्या दोन खोल्यांमधला बोळ म्हणा हवं तर, पण हाताचा पंजाही न मावणारा.

फटीसाठी सूत्र आणखी सोपं: ०.०१ ÷ रुंदी. माकुलाच्या तंतूभोवती आच्छादक पेशींचा थर असतो आणि दोहोंमध्ये सुमारे ३० नॅनोमीटरची, म्हणजे ०.०३ मायक्रोमीटरची फट. ०.०१ ÷ ०.०३ × ४ = सुमारे १.३ मिलिमोलर. आत पोटॅशियम ४०० असल्याने गेलेलं कळलंही नव्हतं. बाहेर मुळात १०-२० असताना एकाच आवेगात सव्वा मिलिमोलरची भर पडते. फ्रँकेनहॉयझर आणि हॉजकिन यांनी १९५६ मध्ये हेच दाखवलं. आवेगांची माळ सोडली की प्रत्येक आवेगानंतर विभव जो थोडा खाली बुडी मारतो, ती बुडी उत्तरोत्तर उथळ होत जाते. त्यावरून त्यांनी काढलेली दर आवेगाची भर दीड मिलिमोलरच्या आसपास होती. आपण दोन भागाकारांत तिथे पोचलो.

ही भर महत्त्वाची का, ते नर्न्स्टच्या समीकरणात दिसतं. समतोल विभव म्हणजे ज्या विभवाला त्या आयनाची निव्वळ ये-जा थांबते तो. ३७ अंश सेल्सिअसला पोटॅशियमचा समतोल विभव = ६१.५ × लॉग (बाहेर ÷ आत) मिलिव्होल्ट. बाहेर ३, आत १४० ठेवा: उणे १०३. आता बाहेर १२ करा: उणे ६६. आतलं पोटॅशियम तसंच आहे, बाहेर फक्त ९ मिलिमोलरची भर पडली आणि समतोल ३७ मिलिव्होल्टने वर सरकला. याउलट आतलं सोडियम १२ वरून १३ झालं तर सोडियमचा समतोल जेमतेम २ मिलिव्होल्टने हलतो. लॉगमध्ये किंमत आहे ती ‘किती पट’ याला. जो आकडा मुळात लहान, तोच सहज पटीने वाढतो. बाहेरचं पोटॅशियम तसा आकडा आहे, म्हणून मेंदू त्याला ३ वर दाबून ठेवतो.

दाबून ठेवण्याचं काम मुख्यतः तारकापेशींचं, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट्सचं. त्या जादा पोटॅशियम शोषतात आणि एकमेकींना जोडलेल्या असल्याने ते दूरवर पसरवतात. अपस्माराच्या झटक्यातही बाहेरचं पोटॅशियम सहसा १० ते १२ मिलिमोलरच्या वर जात नाही, ते बरंचसं त्यांच्या जिवावर. ही मर्यादा तुटली की काय होतं, ते १९४४ मध्ये ब्राझीलच्या अरिस्तिदेस लेआँव यांनी सशांच्या मेंदूत पाहिलं: विद्युत शांततेची एक लाट, मिनिटाला दोन-तीन मिलिमीटर या गोगलगाईच्या चालीने मेंदूच्या पृष्ठभागावर पसरत जाते. तिच्यात बाहेरचं पोटॅशियम ३० मिलिमोलरच्याही वर जातं. अर्धशिशीआधी काहींना डोळ्यांपुढे चमचमती नागमोडी रेघ हळूहळू सरकताना दिसते, तिचा संबंध याच लाटेशी जोडला जातो.

पायरी ६: पंपाचं बिल

पंप एका फेरीत ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो, एक एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्च करतो. त्याचं विकर १९५७ मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या पायांतल्या चेतांमध्ये शोधलं. १९९७ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल विभागून मिळालं. (माकूल झालं, खेकडा झाला. हा विषय सगळा कोळ्यांच्या टोपलीतून वर आलेला आहे.)

पंपाच्या एका फेरीला काही मिलिसेकंद लागतात. आवेग एक-दोन मिलिसेकंदांत आटोपतो. म्हणजे आवेग चालू असताना एका पंपाची एक फेरीही धड पुरी होत नाही. तो विभव खाली आणणार कसा? विभव खाली येतो तो सोडियमचे दरवाजे मिटल्याने आणि पोटॅशियम बाहेर पडल्याने. पंप मागाहून येऊन झाडलोट करतो.

झाडलोटीचा खर्च काढू. चेतातंतूच्या टोकाचा फुगीर भाग १ मायक्रोमीटर व्यासाचा गोळा धरा. पृष्ठफळ ३.१४ चौरस मायक्रोमीटर. गुणिले ६,२००, गुणिले १.३: एका आवेगात सुमारे २५ हजार सोडियम आयन. भागिले ३: साडेआठ हजारांच्या आसपास एटीपी. एका टोकाला, एका आवेगाला. मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के असून विश्रांतीतला २० टक्के ऑक्सिजन का खातो, याचं मोठं उत्तर या बिलात आहे.

पायरी ७: कॅल्शियमला वेगळा हिशेब

त्याच फुगीर टोकात आधी काय शिल्लक होतं ते मोजा. आकारमान ०.५२ घन मायक्रोमीटर. सोडियम: ६ लाख × ०.५२ × १२ = साडेसदतीस लाख आयन. त्यात २५ हजारांची भर, म्हणजे एक टक्काही नाही. आता कॅल्शियम: ६ लाख × ०.५२ × ०.०००१ = ३१.

एकतीस. लाख नाहीत, हजार नाहीत. आख्ख्या टोकात मोकळे कॅल्शियम आयन तीसेक असतात. समजा आवेगासरशी हजार आत आले आणि सगळे मोकळेच राहिले. संहती तेहतीस-चौतीस पट! प्रत्यक्षात बहुतेक आयन लगेच प्रथिनांना चिकटतात, त्यामुळे सरासरी वाढ पुष्कळ कमी राहते. पण दरवाज्याच्या अगदी तोंडाशी, मिलिसेकंदाहून कमी काळ, ती शेकडो पट होते आणि तिथेच चेतासंदेशकाच्या पिशव्या टेकून बसलेल्या असतात.

सोडियम आणि पोटॅशियम विभव बदलण्यासाठी हलतात, संहती बदलली तर तो उपद्रव. कॅल्शियमच्या बाबतीत संहतीतला बदल हाच निरोप. तो ऐकू यावा म्हणून पेशी एरवी आत एवढी सामसूम ठेवते. आता एक गणित तुमच्यासाठी: डेंड्राइटवरच्या (चेतापेशीच्या संदेश घेणाऱ्या फांदीवरच्या) काट्याचं डोकं ०.१ घन मायक्रोमीटरचं धरा आणि विश्रांतीत त्यात किती मोकळे कॅल्शियम आयन असतील ते काढा. उत्तर सहा आलं पाहिजे.